माती मळणारी पोरं

ज्यांच्या घरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, असायची, त्या सिंधुदुर्गातल्या पोरांचा श्रावण मूर्तीपेक्षा मातीतच जास्त गेला. आम्ही सगळी सख्खी-चुलत भावंडं त्यांतलीच. वाडीतली माणसं आपापला पाट आणून ठेवत, त्याच्या पाठीवर खडूने नाव लिहिलेलं असे. पाटावर बसणारा गणपती आजोबा आणि काका घडवत. त्याआधीचं सगळं आमच्याकडे.

सुरुवात मे महिन्यातच होई. भातमळे कोरडे असताना वरचा मुळ्यांचा थर बाजूला सारून खालची चिकणमाती खणायची, आणि पाऊस लागायच्या आत घमेल्यांनी पडवीत आणून टाकायची. ती तिथे कडक वाळायची. एवढी वाळवून पुन्हा भिजवायची कशाला, असं आम्हांला वाटे. पण पूर्ण वाळलेलं ढेकूळ पाण्यात टाकलं की बुडबुडे सोडत आपोआप विरघळतं. अर्धवट ओलं ढेकूळ मात्र गोट्यासारखं तसंच राहतं आणि पुढे मळताना बोटांना छळतं.

भिजलेल्या मातीतून खडे आणि मुळं वेचायची. मग वरचं पाणी काढून ती गोणपाटाखाली मुरू द्यायची. मुरलेल्या मातीला आंबूस वास यायचा. नाक मुरडणाऱ्याला आजोबा आणखी एक गोळा मळायला देत. पाणी कणाकणात शिरायला वेळ लागतो, म्हणून मुरलेली माती जास्त लवचीक होते, हे पुढे शाळेतल्या विज्ञानाने सांगितलं. तोवर हातांना ते कळून चुकलं होतं.

खरी मेहनत त्यानंतरची. दगडावर राख भुरभुरायची, म्हणजे माती खाली चिकटत नाही. आणि लाकडी दांड्याने कुटायला घ्यायचं. आजी वातींचा कापूस पिंजून देई, तो चिमटीचिमटीने मिसळायचा. वाळताना माती आकसते. कापसाचे तंतू तिला धरून ठेवतात, नाहीतर सोंडेला आणि मनगटांना हमखास तडा. कापसाचा पुंजका एका जागी राहिला तर तिथे नख उमटत नाही, म्हणून पुन्हा कुटायचं. मग कणकेसारखं मळणं, मनगटाजवळच्या तळव्याने दाबत, आत हवा राहू न देता.

परीक्षा साधी होती. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वाकवायची. चिरली तर पाणी कमी, लोंबली तर जास्त. पाणी जास्त झालं म्हणून वर कोरडी भुकटी टाकणाऱ्याला ओरडा बसे, कारण तिच्या गुठळ्या होतात. तसा गोळा कोरड्या फळीवर पसरून ठेवायचा आणि थांबायचं. आजोबा म्हणत, “हाताक चिकटता तवसर तो चिखल. सुटलो काय माती.”

एक सल सांगायलाच हवी. माती मळताना मुली हव्या असत, सोंड वळवायला मात्र मुलग्यांनाच बोलावलं जाई. आमच्या एका चुलतबहिणीचा हात सगळ्यांत हलका होता. तिने आयुष्यभर गोळेच केले.

पुढे गुजरातची शाडू पोत्यांतून आली. ती पांढरी आणि चाळलेली, पण आमच्या मातीइतकी चिवट नाही. त्यामागून प्लास्टर आलं आणि मळणंच संपलं. साच्यात ओतलं की झालं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या, तेव्हापासून मातीचं नाव पुन्हा निघू लागलं. शहरांत मुलांच्या कार्यशाळा भरतात. तिथे माती मळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आयती मिळते आणि दोन तासांत गणपती होतो. गणपती छानच होतात, पण मुलांना अर्धीच विद्या मिळते.

यंदा घरी मूर्ती करणार असाल तर माती कोरडी आणा. आठवडाभर आधी भिजत घाला आणि मळायला घरातल्या सगळ्या मुलांना बसवा. सोंड वळवायची पाळीही सगळ्यांना द्या, मुलींना आधी.