अहमदाबाद : भिंतीआतलं शहर

अहमदाबादला गेलेला मराठी पाहुणा बहुधा साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट आणि गुजराती थाळी उरकून परततो. नदीच्या पूर्वेचं जुनं शहर पायी फिरल्याशिवाय अहमदाबाद पाहिलं असं म्हणू नये. अहमदशहानं १४११ मध्ये वसवलेलं हे गाव. २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत भारतातलं पहिलं शहर म्हणून गेलं, ते या भागामुळे.

सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघावं. महापालिकेची हेरिटेज वॉक इथूनच सुरू होते आणि जामा मशिदीपाशी संपते. वाटेत लांबेश्वरच्या पोळमध्ये कवी दलपतरामांचा पुतळा आहे, त्यांच्या राहत्या घराच्या जागी. शेजारी बसता येतं. जरूर बसावं.

पोळ म्हणजे एका दरवाजाआड नांदणारी वस्ती. मधोमध अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना नक्षीदार लाकडी घरं, चौकात खांबावर उभारलेला चबुतरा. पाखरांना दाणे टाकण्यासाठी वस्तीनं एवढं कोरीवकाम करून घ्यावं, याचं मला अतोनात कौतुक वाटतं.

घराच्या चौकात फरशीत एक लहानसं झाकण दिसलं, तर यजमानांना ते उघडून दाखवायची विनंती करावी. खाली टांकं असतं, चुन्यानं लिंपलेलं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं. छत धुऊन निघालं की पुढचं पाणी नळीवाटे आत घ्यायचं. उजेड नाही, म्हणून शेवाळ नाही. हे पाणी वर्षभर प्यायला पुरायचं. नदी उन्हाळ्यात आटणार हे धरूनच इथं घरं बांधली गेली. आज नव्या इमारतींना पाणी साठवायला सांगावं लागतं. इथं ती घराची पहिली गरज होती.

सिदी सैयद मशीद, १५७२-७३. गुजरातच्या सल्तनतीचे हे शेवटचे दिवस. याच सुमारास अकबरानं शहर घेतलं. बांधणारा मूळचा हबशी. दगडी जाळीतलं झाड आधी बाहेरून पाहावं, मग आत जाऊन उजेडाकडे तोंड करून. आतून फांद्या मोजता येतात.

माणेक चौक : दिवसा सराफा, रात्री खाऊगल्ली. दोन्ही वेळा जावं.

तीन दरवाजाकडे लोक फोटोपुरते थांबतात. तिथे १८१२ चा देवनागरी लेख आहे. त्या काळी शहरावर पेशवे आणि गायकवाडांचा अंमल होता. सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा हुकूम असा, की मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा विनातक्रार मिळावा. जो मोडेल त्यानं, हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्ला-रसूलाला जाब द्यावा. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती २००५ ची. हा लेख आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवा.

आश्रमातही आपली माणसं भेटतात. विनोबांची कुटी गांधीजींच्या निवासापासून, हृदयकुंजापासून, जवळच आहे. प्रार्थनेचं गाणं सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १२ मार्च १९३० ला दांडीला निघालेल्या तुकडीत तेही होते.

अडालजची पाच मजली वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शहराबाहेर आहे, १४९९ ची. भर उन्हात जावं. पायरीगणिक हवा गार होत जाते आणि ती कशासाठी बांधली ते अंगाला कळतं.

पोळांमधली बरीच घरं आता कुलूपबंद आहेत. मुलं नदीपलीकडे फ्लॅटमध्ये गेली, तळमजल्यांवर गोदामं आली, कोरीव तोड्या आणि खांब जुन्या सामानाच्या बाजारात विकले जातात. काही घरमालकांनी मात्र घर दुरुस्त करून प्रवाशांसाठी खोल्या काढल्या आहेत. मुक्काम तिथे करावा. रिक्षा दाराशी येत नाही, जिने उभे आहेत, पण त्या भाड्यातून छपराची डागडुजी होते.