दातांमधली फट

संध्याकाळच्या लोकलमध्ये समोरच्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण कानाच्या पाळीखाली, गालाच्या मागच्या कोपऱ्यात एक गाठ उठते आणि विरते. तो काही खात नसतो. दातावर दात दाबून घरखर्चाचा हिशेब करत असतो, नाहीतर दिवसभर गिळलेलं उत्तर मनात देत असतो. ही गाठ एकदा ओळखता आली की सगळीकडे दिसते: परीक्षा केंद्राबाहेर उभ्या बापाच्या गालावर, आजारी आईच्या उशाशी बसलेल्या मुलीच्या गालावर.

खरं तर दातांना दात लागायचे ते घास चावताना, गिळताना. एरवी ओठ मिटले तरी आत २ ते ४ मिलिमीटरची फट राहते आणि तेवढ्यात जबड्याचे स्नायू विसावतात. काळजी आधी ही फट बुजवते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

कानाच्या पुढ्यात बोटं ठेवून तोंड उघडावं, सांधा हाताला लागतो. खालच्या जबड्याचं हाड एक, सांधे दोन. एकट्यानं हलणं दोघांनाही जमत नाही. तोंड उघडताना सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे घसरतो. मधली चकती जागची सरकली की कट् असा आवाज येतो. नुसत्या आवाजानं घाबरू नये. दुखत असेल, तोंड अडकत असेल तर दाखवावं.

हे दुखणं फसवं फार. स्नायू दुखतात आणि ठणका कानात, कानशिलात, दाढेत जाणवतो, कारण या भागाच्या संवेदना बऱ्याच अंशी एकाच मज्जातंतूनं मेंदूकडे जातात. मग कुणी कानात तेल घालतं, कुणी चांगली दाढ काढून घेतं. १९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कोस्टन यांनी ११ रुग्णांवरून कानाच्या तक्रारींचं मूळ या सांध्यात दाखवलं. दाढा गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि सांधा दाबला जातो, ही त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. पण कान दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा त्यांनी जबडा पाहिला, यासाठी ते मला मोठे वाटतात.

या दुखण्याचं एकच एक कारण आजही सांगता येत नाही. मार, संधिवात, अपुरी झोप, मनावरचा ताण. कधी यांतलं बरंच काही एकत्र. पोर झोपेत दात खातं म्हणून आपल्याकडे जंताचं औषध पाजतात. खरं तर दात खाण्याचं नातं झोपेतल्या क्षणभराच्या जागेपणाशी असतं. मोठ्यांत दारू, तंबाखू, कॉफी त्याला हातभार लावतात. मात्र रात्रभर दात खाऊनही कित्येकांचं काहीच दुखत नाही. गुटखा-सुपारीनं तोंड उघडेनासं होतं, तो आजार वेगळा आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील तर दिवस घालवू नयेत. चालताना, जिना चढताना जबडा दुखू लागला आणि धाप लागली, घाम फुटला, तर तडक हृदयाची तपासणी करावी.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यात विशी ते चाळिशीतल्या बायका जास्त दिसतात. त्यांना रात्री दातांवर घालायची पट्टी मिळते, मऊ खा म्हणून सांगतात, शेकायला सांगतात. त्यानं पुष्कळदा आराम पडतो. पण तपासणाऱ्यानं खुर्ची जरा सरळ करून झोप कशी लागते हे विचारावं, असं मला फार वाटतं. घरी कोण आजारी आहे, हेही विचारावं.