कुठे टाकू?

सॉफ्टवेअर 'इन्स्टॉल' होतं ते कागदोपत्री. बोलताना आपण ते 'टाकतो'. 'जरा विंडोज टाकून दे ना', 'फोटोशॉप टाकलंय का?' टाकायचं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: कुठे? विंडोजचे जुने इन्स्टॉलर तो खरंच विचारायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खिडकीत एक पांढरी चौकट, तिच्यात आधीच लिहिलेलं 'सी:\प्रोग्राम फाइल्स', शेजारी 'ब्राउज'चं बटण. बहुतेक जण न वाचता नेक्स्ट दाबायचे.

सीच का? कारण ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीला दिलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरं रिकामीच राहिली. आमच्याकडे काँप्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या दादाचा सल्ला ठरलेला, 'सगळं डीमध्ये टाका.' व्हायरस आला की फॉरमॅट मारायचा तो सीला. सल्ला अर्धाच खरा होता. फोटो, गाणी, प्रोजेक्ट डीमध्ये वाचायचे. पण तिथे टाकलेलं सॉफ्टवेअर फॉरमॅटनंतर बहुधा उठायचंच नाही. त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, आणि रजिस्ट्री सीमध्ये. माल गोदामात शाबूत, पावत्या जळालेल्या.

या प्रश्नाची खरी किंमत मला कॉलेजात कळली. लॅबमध्ये लिनक्स होतं आणि पायथन जुनं. प्रोजेक्टला नवं हवं होतं. ज्यांच्याकडे लॅपटॉप होते त्यांनी ते हॉस्टेलवर बसून टाकलं. माझ्याकडे नव्हता. लॅबमध्ये काही टाकायचं तर अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, मग ज्यांच्याकडे पासवर्ड आहे ते सर जागेवर असण्याची वाट. दोन आठवडे अर्ज तसाच पडून होता.

शेवटी एका सीनियर ताईने विचारलं, 'तू टाकतोयस कुठे?' पायथनचा सोर्स कोड घेऊन 'कॉन्फिगर' चालवला की तो स्वतःहून '/यूएसआर/लोकल' ही जागा धरतो. ती जागा सगळ्यांची, म्हणजे अॅडमिनची. पण त्याच आज्ञेपुढे '--प्रीफिक्स=' लिहून स्वतःच्या होम फोल्डरचा पत्ता दिला की झालं. मग मेक, मग मेक इन्स्टॉल. कुणाचा पासवर्ड नाही, सही नाही. फक्त त्या फोल्डरमधल्या 'बिन'चा पत्ता 'पाथ'मध्ये जोडायचा, नाहीतर नाव टाइप केल्यावर जुनंच पायथन पुढे येतं. चोरी नव्हती ही. नियमच तसा होता: आपल्या घरात आपण काहीही टाकावं. तो कुणी सांगितला नव्हता, एवढंच.

तिनेच दुसरी गोष्ट शिकवली. टारची पुडी सोडण्याआधी 'टार टीएफ'ने आत काय आहे ते बघायचं. काही पुड्यांना स्वतःचं फोल्डर नसतं; सोडल्या की शेकडो फाइली घरभर सांडतात आणि त्या वेचत बसावं लागतं. त्यांना टारबॉम्बच म्हणतात. आधी रिकामं फोल्डर करायचं, मग 'वजा कॅपिटल सी' लिहून त्याचा पत्ता द्यायचा.

फोन यातलं काहीच विचारत नाही. २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये अॅप एसडी कार्डावर हलवायची सोय आली होती, तेव्हा निदान जागेचा विषय तरी निघायचा. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून एका अॅपचं खासगी फोल्डर दुसऱ्या अॅपला उघडता येत नाही. कारण रास्त आहे, टॉर्चच्या अॅपने आपल्या बाकीच्या अॅप्सच्या फाइली का चाळाव्यात? पण वस्तू कुठेतरी असते, तिला पत्ता असतो, ही जाणीवही त्यासोबत हळूहळू पुसट होत चालली आहे. पीडीएफ 'व्हॉट्सअॅपवर' असते, फोटो 'गॅलरीत'.

माझ्या मामेभावाने आजवर सगळं फोनवरच केलं. यंदा तो इंजिनिअरिंगला गेला. परवा रात्री लॅबमधून त्याचा फोन, 'दादा, परमिशन डिनाइड येतंय.'

'टाकतोयस कुठे?'

'म्हणजे?'

म्हटलं, आधी 'सीडी' लिहून एंटर मार, मग 'पीडब्ल्यूडी' टाइप कर.

'बांधकाम खातं?' तो हसला. मग पडद्यावर आलेलं सावकाश वाचायला लागला: स्लॅश, होम, स्लॅश, आणि पुढे त्याचा रोल नंबर.