दक्षिण आफ्रिकेची दैनंदिनी : झ्विडेचा कर्णधार

सोमवार, झ्विडे
पोर्ट एलिझाबेथचं नाव 2021 मध्ये ग्केबेर्हा झालं. दक्षिण आफ्रिकेचा रग्बी कर्णधार सिया कोलिसी याचा जन्म 16 जून 1991 रोजी याच शहरातल्या झ्विडे वस्तीतला. संध्याकाळी डॅन केके मैदानावर गेलो. वर्णद्वेषाच्या काळात काळ्या खेळाडूंना गोऱ्यांची मैदानं बंद होती, तेव्हा केके यांच्या पुढाकारानं वस्तीनं हे मैदान उभं केलं.

मुलांचा सराव चालू होता. एकानं धावत येणाऱ्याच्या मांडीला खांदा भिडवून त्याला पाडलं, झटकन उठला आणि चेंडूवर झुकला. गुडघा जमिनीला लागला, शिट्टी वाजली. पुन्हा तेच. पायांवर उभं राहूनच चेंडू हिसकावायचा, हा नियम. रग्बीत फ्लँकरच्या जागी खेळणाऱ्याचा निम्मा जन्म यातच जातो, आणि कोलिसी फ्लँकर आहे.

मंगळवार, ग्रे हायस्कूल
शहराच्या दुसऱ्या टोकाला घड्याळाचा मनोरा, हिरवंगार मैदान, 1856 पासूनची परंपरा. झ्विडेत आजीनं स्वतः उपाशी राहून नातवाला भरवलं होतं. इथं कोलिसीला शिष्यवृत्तीनं फी, वसतिगृह आणि रोजचं जेवण मिळालं. तो पंधरा वर्षांचा असताना आई गेली. खेळाडूचं शरीर घडायच्या वयात पोटभर जेवण मिळणं किती मोठी गोष्ट आहे, हे शाळेच्या आवारात फिरताना सारखं जाणवत होतं.

बुधवार, मॉसेल बे
एन-2 महामार्गानं पश्चिमेकडे आलो. याच गावात लहान वयोगटाच्या स्पर्धेत कोलिसीचा खेळ नजरेत भरला आणि त्याला ग्रेची शिष्यवृत्ती मिळाली. निवड चाचणीला तो चड्डीवर खेळला होता, कारण रग्बीची शॉर्ट्स त्याच्याकडे नव्हती. हा प्रसंग दरवेळी चमत्कारासारखा सांगितला जातो. पण इथवर त्याला आणलं ते झ्विडेतल्या आफ्रिकन बॉम्बर्स क्लबनं आणि एरिक सोंग्विकी या शिक्षक-प्रशिक्षकानं. ईस्टर्न केप प्रांतातल्या काळ्या समाजात एकोणिसाव्या शतकापासून रग्बी रुजलेली आहे. निवड करणाऱ्यांनी पाहिला तो मुलगा तयार होऊन आलेला होता.

शुक्रवार, केप टाउन
न्यूलँड्सच्या जुन्या स्टेडियमसमोर बराच वेळ थांबलो. स्टॉर्मर्स संघाकडून व्यावसायिक रग्बी खेळताना हेच त्याचं घरचं मैदान होतं. 2013 मध्ये स्कॉटलंडविरुद्ध पहिली कसोटी. 1891 पासून कसोटी खेळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला 2018 मध्ये त्याच्या रूपानं पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार मिळाला. 2019 मध्ये योकोहामात इंग्लंडला 32-12 असं हरवून विश्वचषक उचलला. एप्रिल 2023 मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, शस्त्रक्रिया झाली. विश्वचषक हुकणार असंच सगळे धरून चालले होते. ऑगस्टमध्ये तो मैदानात उतरला आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसला न्यूझीलंडवर 12-11 असा विजय मिळवून पुन्हा जगज्जेता झाला.

या माणसाबद्दल मनात अपार आदर आहे, म्हणूनच त्याची गोष्ट पूर्ण सांगितली जावी असं वाटतं. शिष्यवृत्ती एका मुलाला वर काढते. वस्तीतलं मैदान आणि तिथला प्रशिक्षक दरवर्षी नवी मुलं घडवतात. दक्षिण आफ्रिकेला आणखी कोलिसी हवे असतील, तर पैसा आधी झ्विडेसारख्या वस्त्यांत पोचला पाहिजे.

(क्रमशः)