पोटावरचा जुना व्रण

तेजपूरला असताना आतड्याला पीळ पडून माझं ऑपरेशन झालं. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडप काढावी लागली. टाके सुकले, सिक लीव्ह संपली, मी युनिटमध्ये परतलो.

वर्षभराने जैसलमेरला त्रास सुरू झाला. लंगरमध्ये राजमा-भात खाल्ला की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. जुलाब, पायांना मुंग्या. वजन नऊ किलो उतरलं. बॅरेकमध्ये पोरं हसायची, "उस्ताद, तोफखाना सुरू!" मला मात्र मेडिकल कॅटेगरीची धास्ती.

निदान श्वासाच्या तपासणीत झालं. ग्लुकोजचं पाणी पाजून थोड्या थोड्या वेळाने पिशवीत फुंकायला लावलं. हायड्रोजन वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्यात जंतू थोडेच असतात. मोठ्या आतड्यातले वर चढू नयेत म्हणून झडप पहारा देते. तुमची ती चौकीच उठली आहे." बी-१२ शोषणारा भाग कापलेला; उरलंसुरलं जंतू खाऊन टाकत होते. मुंग्या त्यामुळेच.

रिफॅक्सिमिनच्या गोळ्या आणि बी-१२ची इंजेक्शनं यांनी सावरलो. दुखणं उलटू शकतं, म्हणून गस्त चालूच आहे.

माजी सैनिक मित्रांनो, गोळी लागली तर आपण सांगतो, पण गॅससाठी एमआय रूमची पायरी चढायला लाजतो. पोट सारखं फुगतंय, वजन उतरतंय, तर डॉक्टरांना तो व्रण दाखवा. ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी दाखवा.