धुऱ्याचा दावा आणि एलएल.बी.चा अभ्यासक्रम

दरवर्षी मे-जून महिन्यांत आईवडील मुलांना घेऊन माझ्या ऑफिसात येतात. बारावीचा, नाहीतर बी.ए., बी.कॉम.चा निकाल नुकताच हाती आलेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, लॉ तीन वर्षांचं करावं की पाच वर्षांचं?" उत्तर देण्याआधी मला एक वाईट बातमी सांगावी लागते. या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतलेले असतात. घाटाखालच्या गावांतून, संग्रामपूर-जळगाव जामोदकडून आलेल्या हुशार मुलींचे अख्खे वर्ष एवढ्या एका गोष्टीपायी गेलेले मी पाहिले आहे. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. हे दोन्ही ऐकून आमच्याकडच्या मुलांच्या चेहऱ्यावर धीर येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. हा लेख वाचणाऱ्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनी दिवाळीनंतर लगेच वर्गात हा विषय काढला, तर आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कित्येक मुलांचे वर्ष वाचेल.

तीन की पाच, याचे उत्तर सोपे आहे. दोन्ही वाटांनी मिळणारी सनद एकच. पाच वर्षांसाठी बारावी लागते, तीन वर्षांसाठी कोणत्याही शाखेची पदवी. गुणांची किमान अट दोन्हीकडे सारखी : खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. वकीलच व्हायचे हे सतराव्या वर्षी ज्याचे पक्के ठरले आहे, त्याने पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. मात्र मध्येच सोडून अर्धी पदवी घेण्याची सोय बार कौन्सिलच्या नियमांत नाही, हे जाणून घ्यावे. एरवी माझे मत तीन वर्षांकडे झुकते. पदवी झालेल्या मुलाने घरातली वाटणी, बँकेचे कर्ज, बाजार समितीतला भाव जवळून पाहिलेला असतो. करार म्हणजे काय, हे त्याला निम्मे आधीच कळलेले असते.

एका अटीवर मात्र मी प्रत्येकाला थांबवते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने आमच्या जिल्ह्यातल्या हजारोंना शिक्षणात परत आणले, त्या विद्यापीठाबद्दल मला आदर आहे. पण बारावी होऊन नंतर मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेली व्यक्ती आणि शाळा सुटल्यावर पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतलेली व्यक्ती, या दोघांत बार कौन्सिल फरक करते. २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार मूळची पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. हे प्रवेशाच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आता हजेरीबद्दल. "लॉ करून ठेवतो, पुढेमागे कामाला येईल," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोणी नोकरी करतो, कोणी दुकान पाहतो. नियमाने ७० टक्के हजेरी लागते, आणि २०२४ मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी घ्यायला व विद्यार्थ्याकडून नोकरीची माहिती लिहून घ्यायला महाविद्यालयांना बजावले. मला ही सक्ती पटते. दिवाणी प्रक्रिया संहिता एकट्याने वाचून डोक्यात शिरत नाही. कोणीतरी फळ्यावर दावा मांडून, समन्सपासून हुकूमनाम्यापर्यंत चालवून दाखवावा लागतो.

सक्तीचे वीस विषय, निवडीचे किमान सहा आणि चार प्रात्यक्षिक पेपर असा बार कौन्सिलचा आराखडा आहे. राज्यघटना, करार, कौटुंबिक कायदा, गुन्ह्यांचा कायदा, पुरावा हे सारे वीसांत येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, त्यामुळे मुलांना जुनी कलमे आणि नवी कलमे दोन्ही पाठ करावी लागतात, कारण जुन्या घटनांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली चालू आहेत. हे कष्टाचे आहे, पण मुले ते करतात. दुर्लक्ष होते ते चार प्रात्यक्षिकांकडे. लेखन आणि दस्तऐवज, व्यावसायिक नीतिमत्ता, वादनिवारणाचे पर्यायी मार्ग, आणि अभिरूप न्यायालय : या पेपरांची जर्नले आदल्या वर्षीच्या मुलांची पाहून उतरवली जातात. माझ्या मते पदवीचा प्राण याच चार पेपरांत आहे.

लेखनाच्या पेपरात पंधरा न्यायालयीन मसुदे आणि पंधरा दस्त करायचे असतात. त्यातला एक मसुदा मी वर्गात नेहमी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, देते. शेजाऱ्याने धुरा कोरून नांगराचे चार तास आत घेतले, मोजणी झाली, खुणा दाखवल्या, तरी तो हटत नाही, दावा लिहा. इंग्रजी पुस्तकातला नमुना उतरवणारा विद्यार्थी इथे अडकतो. दिवाणी संहितेच्या आदेश ७, नियम ३ प्रमाणे स्थावर मिळकत ओळखता येईल असे वर्णन दाव्यात लागते. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि अतिक्रमण झालेला तुकडा नेमका कोणत्या बाजूचा, हे नकाशासह मांडले नाही तर दावा जिंकूनही ताबा मिळताना नवे भांडण उभे राहते. मग मी विचारते, इथे दिवाणी न्यायालयात जायचे की तहसीलदाराकडे? पांदण रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५, नवा रस्ता बांधावरून हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. बुलढाण्यात वकिली करणाऱ्याला ही दोन कलमे पहिल्याच महिन्यात लागतात.

विदर्भाची आणखी एक अडचण आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मार्गदर्शकांत कुळकायदा म्हणून १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा शिकवलेला असतो. आपल्याकडे लागू आहे तो १९५८ चा, खास विदर्भासाठी केलेला कायदा. कलमांचे क्रमांक वेगळे, काही तरतुदी वेगळ्या. हा जिल्हा वऱ्हाडचा, मध्यप्रांत-वऱ्हाडातून मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलेला, त्यामुळे इथल्या जमिनीच्या कागदांना स्वतःचा इतिहास आहे. उच्च न्यायालयासाठीही आपण नागपूर खंडपीठाकडे जातो. छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर असले तरी. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची जनहित याचिका नागपुरातच चालली. हे सगळे शिकवणारा शिक्षक इथलाच लागतो.

म्हणूनच माझा आग्रह आहे तो निवडीच्या विषयांबद्दल. बार कौन्सिलच्या यादीत घटनात्मक, व्यापारी, आंतरराष्ट्रीय, गुन्हेशास्त्र अशा गटांबरोबर 'कायदा आणि शेती' असा पूर्ण गट आहे. त्यात जमीनविषयक कायदे, बियाणे-पाणी-खते, शेतीचा वित्तपुरवठा, शेतमजूर, शेतमालाची विक्री, सहकार हे विषय येतात. सोयाबीन-कपाशीच्या आणि पतसंस्थांच्या या जिल्ह्याला याहून योग्य गट कोणता? पेरलेले बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याने कुठे जावे, हे सांगणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच दिला : बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, आणि बियाणे कायदा आहे म्हणून त्याची ग्राहक तक्रार अडवता येत नाही. सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षाही न्यायालयाने अवाजवी ठरवली. हा निकाल वऱ्हाडातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ हवा. तसेच मुलींच्या हक्काचे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, वडील २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असले तरी, हे विनीता शर्मा खटल्यात २०२० साली स्पष्ट झाले. तरी गावोगाव बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेतल्या जातात. वर्गात बसलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींच्या घरी ते घडत असते. कौटुंबिक कायद्याच्या तासाला मी त्यांना एवढेच सांगते की सही करण्याआधी सातबारा काढून वाचा.

मुलांना सर्वांत मोठी भीती इंग्रजीची. ती समजण्यासारखी आहे, पण तिने खचू नये. राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, आणि सनदेनंतरची अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीतून देता येते, टिपा नसलेला मूळ कायदा समोर ठेवून. इंग्रजी शिकावीच, उच्च न्यायालयाचे निकाल तिच्यातच आहेत. मात्र अशिलाचा जबाब त्याच्या वऱ्हाडीतून ऐकून नेमक्या मराठीत उतरवणे, हे इंग्रजी वाक्य बिनचूक लिहिण्याइतकेच अवघड आणि मोलाचे कौशल्य आहे.

भूषण गवई अमरावतीचे. आपला जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठाला जोडलेला आहे, त्याच विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली, १९८५ मध्ये वकिली सुरू केली आणि १४ मे २०२५ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. मी हे नाव वर्गात अभिमानाने घेते. त्यांच्याच पीठाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. त्याआधी मुले पदवी होताच पुण्याला क्लास लावून थेट न्यायाधीश होण्याची स्वप्ने पाहत. अट योग्य आहे असे मला वाटते; साक्षीदाराची उलटतपासणी कधी न पाहिलेल्याने पुराव्याचे वजन करू नये. पण तिचा भार गरीब घरच्या मुलांवर पडतो, हेही तितकेच खरे. सनदेसाठीचे शुल्क कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले. तो दिलासा एका दिवसाचा. त्यानंतरची तीन वर्षे कशावर काढायची? ग्रामीण भागातल्या कनिष्ठ वकिलाला महिना १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचवले आहे. ती सूचना आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती फारशी कोणी पाळत नाही.

माझ्या जिल्ह्यातल्या ज्येष्ठ वकीलबंधू-भगिनींना म्हणूनच माझी विनंती आहे. अभिरूप न्यायालयाच्या पेपरासाठी विद्यार्थ्याला अशिलाशी होणाऱ्या दोन मुलाखती प्रत्यक्ष ऐकायच्या असतात, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून टिपणे काढायची असतात. तो तुमच्या दाराशी आला तर नुसती सही देऊन परत पाठवू नका. अशिलाची परवानगी घेऊन त्याला खुर्ची द्या, दावा कसा सुचतो ते ऐकू द्या, खटला पूर्ण पाहू द्या. आणि सनद घेऊन तो तुमच्याकडे ज्युनिअर म्हणून राहिला, तर त्याच्या कामाचे पैसे दर महिन्याला त्याच्या हातात द्या.