परीक्षा तोंडावर आली, आता गणिताची शिकवणी लावावी का?

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आटोपली की होटगीतल्या माझ्या दवाखान्यात दहावीची मुलं दिसू लागतात. कुणाचं पोट दुखतं, कुणाचं डोकं. कुणाला जेवण जात नाही, कुणाला रात्री झोप नाही. तपासून झालं, औषध लिहून झालं, की आई किंवा वडील खरा प्रश्न काढतात, "डॉक्टर, परीक्षेला तीनच आठवडे राहिलेत. आता गणिताची शिकवणी लावली तर उपयोग होईल का?"

हा प्रश्न डॉक्टरला का विचारायचा, असं वाटेल. पण बऱ्याचदा त्या पोटदुखीचं मूळ याच प्रश्नात असतं. आणि शिकवणीचंही औषधासारखंच आहे. दुखणं ओळखून दिली तर गुण येतो, न ओळखता दिली तर खर्च होतो आणि त्रास वाढतो.

म्हणून मी आधी घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी सांगतो. मागच्या एखाद्या वर्षाची प्रश्नपत्रिका घ्या. मुलाला एकट्याने, घड्याळ लावून दोन तासांत सोडवू द्या. दुसऱ्या दिवशी चुकलेली उदाहरणं पुन्हा सोडवायला सांगा, पण या वेळी घड्याळ नको आणि शेजारी बसून सूचनाही नकोत.

दुसऱ्या दिवशी बरीचशी उदाहरणं सुटली, तर मुलाला गणित येतं. अडचण भीतीची किंवा वेगाची आहे. गणित करताना मेंदू मधले आकडे थोडा वेळ धरून ठेवतो, आपण 'हातचा एक' धरतो तसे. ही जागा फार लहान असते. 'नापास झालो तर' हा विचार तिथे येऊन बसला की हातच्याला जागाच उरत नाही आणि येणारं उदाहरणही चुकतं. अशा मुलाला नवीन सर, नवीन पद्धत आणि नवीन वह्या दिल्या तर भीती वाढण्याचीच शक्यता जास्त. त्याला घड्याळ लावून सराव हवा आणि झोप हवी.

एक-दोन प्रकरणांतच गाडी अडत असेल, समजा वर्गसमीकरणं किंवा त्रिकोणमिती, तर थोडी शिकवणी जरूर घ्या. आठ-दहा दिवस, तेवढ्याच प्रकरणांसाठी, आणि शक्यतो मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकांकडून.

सगळीकडेच अडत असेल, अपूर्णांक आणि अधिक-उणे चिन्हांपासून, तर तीन आठवड्यांत पाया भरून निघणार नाही. तसं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका. पण हातपाय गाळायचंही कारण नाही. बोर्डाच्या गणिताचे दोन पेपर प्रत्येकी ४० गुणांचे असतात, अंतर्गत मूल्यमापनाचे २० वेगळे. प्रत्येक पेपरात पहिल्या दोन प्रश्नांनाच मिळून २० गुण आहेत. बहुपर्यायी, एका गुणाची, रिकाम्या चौकटी भरायच्या कृती आणि दोन गुणांची सोपी उदाहरणं त्यात येतात. पाठ्यपुस्तकातले सरावसंच घेऊन एवढाच भाग पक्का केला तरी पास होण्याचा रस्ता दिसतो.

आमच्या भागात चौथा प्रकारही आढळतो. गेल्या वर्षी एक आई मुलीला घेऊन आली होती. सोलापुरातल्या शिकवणीसाठी बचत गटातून कर्ज काढायची तिची तयारी होती. मुलगी बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, ही नापास झाली तर घरात लग्नाचं बोलणं सुरू होईल." मी वरची तपासणी करायला सांगितली. चार दिवसांनी दोघी वही घेऊन आल्या. समीकरण मांडून दिलेलं असलं की मुलगी ते सोडवत होती, अडत होती ती शाब्दिक उदाहरणांत. घरात कन्नड, शाळेत मराठी. उदाहरण कन्नडमध्ये सांगितलं की तिला मांडता येत होतं. तिच्या शाळेतल्या बाईंनी शाळा सुटल्यावर काही दिवस फक्त उदाहरण वाचून त्याचं समीकरण मांडायला शिकवलं. कर्ज काढावं लागलं नाही. मुलगी आता अकरावीत आहे.

त्या आईला मी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती प्रत्येक घरात माहीत हवी. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एका पेपरावर मुलीचं शिक्षण थांबवायचं कारण नाही. अठराच्या आधी लग्न तर कायद्यानेच गुन्हा आहे.

शिकवणी लावायचीच ठरली, तर ती झोपेतून वेळ काढून नको. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. होटगीहून सोलापूर सुमारे १५ किलोमीटर. जाणं-येणं, बसची वाट पाहणं, रात्री उशिरा जेवण, मग चहा पिऊन जागरण, असं वेळापत्रक असेल तर एका तासाच्या शिकवणीसाठी दोन तासांची झोप जाते. हा सौदा तोट्याचा आहे. आणि सरांनी फळ्यावर सोडवलेलं उदाहरण पाहताना 'समजलं' असं वाटतं. वही मिटून स्वतः सोडवलं तरच ते आलं.

औषधांचं म्हणाल, तर बुद्धी वाढवणारं टॉनिक, ताकदीचं सलाईन किंवा दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी यांनी गणित सुधारत नाही. ते मागू नका, कुणी दिलं तरी घेऊ नका. मात्र पोटदुखीने रात्री जाग येत असेल, वजन घटत असेल, उलट्या किंवा ताप असेल, तर परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून न देता तपासून घ्या.

मूल गप्प झालं असेल, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलत असेल, तर गणित त्या दिवशी बाजूला ठेवा. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.